उशिरा पोहोचणारा रुग्ण

मेंदूची शस्त्रक्रिया म्हटले की आपल्या मनात अपघात, रक्तस्राव किंवा गाठ येते. रुग्णवाहिका येते, शस्त्रक्रियागृहाचे दार बंद होते आणि काही तासांत निकाल कळतो. याच शाखेत काही शल्यविशारद मात्र असे आहेत की, त्यांच्याकडे रुग्ण कधीच धावत येत नाही. तो दहा वर्षांनी येतो, पंधरा वर्षांनी येतो. अपस्मार, म्हणजे ज्याला आपण घरी फीट, फेफरे किंवा आकडी म्हणतो तो विकार, आणि कंपवातासारखे हालचालींचे विकार यांवर शस्त्रक्रिया करणारे हे तज्ज्ञ. पाश्चात्य देशांतील नामांकित केंद्रांतही पहिली फीट आणि शस्त्रक्रिया यांत सरासरी वीस वर्षांच्या आसपास काळ गेल्याचे आढळले आहे. सातव्या-आठव्या वर्षी आजार जडलेले मूल शल्यविशारदासमोर बसते तेव्हा त्याचे शिक्षण अर्धवट सुटलेले असते आणि लग्नाचे वय उलटू लागलेले असते. या तज्ज्ञांच्या कार्याची ओळख करून घेताना ही वर्षे कोठे हरवतात, हेही पाहणे अगत्याचे आहे. त्यांतील पुष्कळशी वर्षे आपल्याच उंबऱ्याच्या आत हरवतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भारतात या शाखेचा पाया तमिळनाडूतील वेल्लोर येथे घातला गेला. केरळातील कोट्टायम येथे १९१० साली जन्मलेले डॉ. जेकब चांडी यांनी मद्रासला वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढे बहरीनच्या मिशन रुग्णालयात डॉ. पॉल हॅरिसन यांच्या हाताखाली काम केले. तेथून ते अमेरिकेत आणि मग कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे गेले. पेनफिल्ड यांची संस्था १९३४ पासून अपस्मारावरील शस्त्रक्रियेची जणू काशी होती. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत; म्हणून केवळ कवटीवरची त्वचा बधिर करून रुग्णाला जागे ठेवता येते. पेनफिल्ड विजेच्या अतिसौम्य स्पर्शाने मेंदूचा एकेक भाग तपासत आणि रुग्णाला काय जाणवले ते विचारत. कोठे स्पर्श केल्यावर बोट हलते, कोठे शब्द अडतो आणि कोठे नेहमीच्या फीटची पूर्वसूचना उमटते, याचा नकाशा करूनच ते शस्त्र हाती घेत. आपल्या कणेरी मठाच्या सिद्धगिरी रुग्णालयात रुग्णाला जागे ठेवून मेंदूच्या शस्त्रक्रिया झाल्याच्या बातम्या वाचकांनी वाचल्या असतील. त्या पद्धतीचे मूळ या परंपरेत आहे.

१९४९ मध्ये चांडी मायदेशी परतले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी मेंदू-शल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग सुरू केला. देशात त्यापूर्वी असा विभाग नव्हता. ते एकटे राहिले नाहीत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बलदेव सिंग यांना त्यांनी सोबत घेतले. फीट मेंदूच्या कोणत्या भागातून उठते हे एकाने शोधायचे आणि तो भाग काढता येईल की नाही हे दुसऱ्याने ठरवायचे, अशी ही जोडी होती. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्या चौघांतही हे दोघे होते.

२५ ऑगस्ट १९५२ रोजी वेल्लोरला भारतातील अपस्मारावरची पहिली मोठी शस्त्रक्रिया झाली. रुग्ण १९ वर्षांचा तरुण होता. त्याची उजवी बाजू बालपणापासूनच लुळी होती आणि फीट थांबत नव्हत्या. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण करते, हे आपण शाळेत शिकतो. या तरुणाचा डावा अर्धगोल बालपणीच इतका बिघडला होता की तो काही कामाचा उरला नव्हता. उलट फीटचे मूळ तेथेच होते. तो अर्धगोल काढण्यात आला. अर्धा मेंदू काढून माणूस जगेल कसा, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर बालवयाच्या लवचिकतेत आहे. मेंदूचा एक भाग अगदी लहानपणी निकामी झाला, तर बोलणे, समजणे यांसारखी कामे हळूहळू दुसरी बाजू उचलते. शल्यविशारद काढतो तो भाग बहुतेक वेळा आधीच रिकामा झालेला असतो. तो रिकामा आहे याची खात्री करून घेणे, हे या शाखेतले खरे कौशल्य.

चांडी यांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. ते १९७० मध्ये निवृत्त झाले आणि २००७ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी निवर्तले. त्यांनी घडवलेले विद्यार्थी देशभर विखुरले. त्यांच्या घराण्याचा पुढचा अध्याय आपल्या समाजाने विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे.

शाकाहारी घरातील कृमी

१९८० च्या दशकात भारतात सीटी स्कॅनची सोय वाढली. फीट आलेल्या तरुणांच्या मेंदूत एक छोटी, कडेने उजळणारी गाठ दिसू लागली. क्षयाचा देश आपला. ही गाठ क्षयाचीच असणार असे गृहीत धरून हजारो रुग्णांना क्षयाची औषधे महिनोन्महिने दिली गेली. वेल्लोरला जेकब चांडी यांचे पुत्र डॉ. मॅथ्यू चांडी आणि डॉ. वेदांतम राजशेखर यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. बहुसंख्य गाठींत क्षय नव्हताच; त्या डुकरातून येणाऱ्या फीतकृमीच्या मरणोन्मुख अळ्या होत्या. हे संशोधन १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. अशी एकच छोटी गाठ बहुधा आपोआप विरते. तिला शस्त्रक्रिया लागत नाही आणि क्षयाचे औषधही लागत नाही. फीट थांबवणाऱ्या गोळ्या काही काळ घेतल्या की पुष्कळदा काम भागते. शल्यविशारदांनी शस्त्र चालवून, शस्त्र चालवण्याची गरज नाही हे सिद्ध केले. वैद्यकाच्या इतिहासात अशी उदाहरणे थोडी.

'डुकराचा कृमी' हा शब्द ऐकताच आपल्याकडे चमत्कारिक प्रतिक्रिया उमटते. "आमच्या सात पिढ्यांत कोणी मांसाला हात लावला नाही, मग आमच्या मुलाला हे कसे?" असा प्रश्न येतो आणि त्यामागे लाजही असते. ही लाज अनाठायी आहे. मांस खाणाऱ्याच्या आतड्यात कृमी वाढतो. परंतु मेंदूतील गाठ त्या कृमीच्या अंड्यांपासून होते. ही अंडी कृमी झालेल्या माणसाच्या शौचावाटे बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांतून, दूषित पाण्यातून, मळ्यातल्या कच्च्या पालेभाजीतून कोणाच्याही पोटात जातात. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासात न्यूयॉर्कमधील कर्मठ ज्यू कुटुंबांत हाच आजार आढळला होता. डुकराचे मांस त्यांच्या धर्मात निषिद्ध. बाधा स्वयंपाकघरातील नोकरमाणसांकडून आली असावी, असे तपासात दिसले. तेव्हा कोथिंबीर, काकडी, कोबी वाहत्या स्वच्छ पाण्यात नीट धुणे आणि जेवण करणाऱ्याने, वाढणाऱ्याने साबणाने हात धुणे हाच उपाय. उकळलेले पाणी पिण्याची आपल्याकडील व्रती मंडळींची रीत येथे आपोआप उपयोगी पडते.

शस्त्रक्रिया कोणाला

योग्य औषधाने सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या फीट आटोक्यात येतात. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही फीट थांबत नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या औषधाने ती पूर्ण थांबण्याची शक्यता फार कमी असते. जागतिक तज्ज्ञसंघटनेने २०१० मध्ये हाच निकष ठरवला. म्हणजे पुढची तपासणी दोन औषधांनंतर व्हायला हवी. आपल्याकडे ती वीस वर्षांनंतर होते.

या तपासणीत रुग्णाला काही दिवस रुग्णालयात ठेवतात. डोक्यावर ईईजीच्या तारा, समोर कॅमेरा, आणि डॉक्टरांच्या देखरेखीत गोळ्या थोड्या कमी केलेल्या. ज्या फीटची घरात धास्ती असते तिची येथे वाट पाहिली जाते. ती आली की परिचारिका धावत येऊन रुग्णाला नाव विचारते, एखादी वस्तू दाखवून तिचे नाव विचारते, हात उचलायला सांगते. कोणत्या क्षणी बोलणे थांबले, कोणता हात आधी वाकडा झाला, यावरून मेंदूतील उगमस्थानाचा माग लागतो. एमआरआयमध्ये त्याच ठिकाणी व्रण दिसला तर बाजू भक्कम होते. मग स्मरणशक्तीची आणि भाषेची चाचणी होते. आपल्या सीमाभागातील घरांत आईशी कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी मुले असतात. त्यांच्या चाचण्या इंग्रजीतून घेऊन काय हाती लागणार? रुग्ण ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत त्याला तपासले पाहिजे, आणि पालकांनी ही गोष्ट तज्ज्ञांना आपण होऊन सांगावी.

भारतात या कामाला १९९५ पासून नवा वेग आला. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. कुरुपथ राधाकृष्णन यांच्या पुढाकाराने अपस्मारासाठी सर्वांगीण केंद्र उभे राहिले आणि २० मार्च १९९५ रोजी तेथे पहिली शस्त्रक्रिया झाली. परदेशातील महागड्या तपासण्यांची नक्कल करण्याऐवजी, एमआरआय आणि ईईजी यांवरच ज्यांचे निदान स्पष्ट होते असे रुग्ण त्यांनी आधी निवडले. त्यामुळे खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आला आणि निकालही चांगले आले.

शस्त्रक्रियेने नेमके किती साधते? कॅनडात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८० रुग्णांची सोडत काढून दोन गट केले गेले. वर्षभराने शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या फीटपासून मुक्त होते. केवळ औषधांवर असलेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. मंजरी त्रिपाठी आणि शल्यविशारद डॉ. शरत चंद्र यांच्या चमूने ११६ मुलांवर असाच अभ्यास केला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे ७७ आणि ७ टक्के असा फरक दिसला. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना गंभीर दुष्परिणाम झाले. त्यांत एका बाजूच्या हातापायांत येणारी दुर्बलता मुख्य होती आणि शस्त्रक्रियेच्या प्रकारावरून ती बहुतांशी अपेक्षित होती. पालकांना हे आधी सांगून त्यांचा निर्णय होईपर्यंत थांबणे, हा या शल्यविशारदाच्या दिनक्रमाचाच भाग असतो.

थरथरणारे हात

हालचालींच्या विकारांचा मार्ग थोडा निराळा. लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये ज्याचे वर्णन केले, तो विकार आयुर्वेदाला कंपवात म्हणून परिचित होता. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा हे द्रव्य निसर्गतःच असते आणि आजच्या मुख्य औषधाचा तोच गाभा आहे. (म्हणून कोणी घरच्या घरी चूर्ण घेऊ नये, मात्रेचा अंदाज राहत नाही.)

लेव्होडोपा येण्यापूर्वी, १९५० आणि १९६० च्या दशकांत, मेंदूच्या खोल भागातील एका बिंदूवर नेमका आघात करून थरथर थांबवण्याचे प्रयत्न होत. मद्रासला डॉ. बी. राममूर्ती, डॉ. व्ही. बालसुब्रमण्यम आणि डॉ. टी. एस. कनका यांनी या कामात मोठे नाव मिळवले. कनका यांच्याविषयी चार शब्द अधिक लिहावेसे वाटतात. १९३२ मध्ये जन्मलेल्या कनका भारतातील पहिल्या महिला मेंदू-शल्यविशारद. ज्या काळी शल्यचिकित्सेच्या वर्गात मुलगी दिसणे दुर्मीळ, त्या काळी त्यांनी मेंदूची सर्वांत सूक्ष्म शाखा निवडली. १९७५ मध्ये त्यांनी मेंदूत कायमस्वरूपी विद्युत्‌शलाका बसवली. पुढे जगभर रूढ झालेल्या उपचाराच्या कितीतरी आधी. त्यांनी शंभराहून अधिक वेळा रक्तदान केले आणि निवृत्तीनंतर चेन्नईत गरिबांसाठी सेवाकेंद्र चालवले. २०१८ मध्ये त्या गेल्या.

१९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. अलिम-लुई बेनाबिद थरथरीच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करत होते. बिंदू बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी विद्युत्‌प्रवाह दिला आणि प्रवाहाची गती वाढवताच थरथर थांबली. प्रवाह बंद केला की ती परतली. म्हणजे मेंदूचा बिंदू नष्ट न करताही काम होत होते. यातून 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' हा उपचार जन्मला. केसाएवढ्या नसली तरी अतिशय बारीक तारा मेंदूत खोलवर बसवतात आणि गळपट्टीच्या हाडाखाली, त्वचेच्या आत, एक छोटे यंत्र ठेवतात. हृदयाच्या पेसमेकरचाच हा भाऊ. आपल्या महाराष्ट्रात मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी या उपचाराला आपली कारकीर्द वाहिली. भारतातील या कामाच्या आरंभीच्या मानकऱ्यांत त्यांची गणना होते.

या उपचाराविषयी आपल्याकडे दोन टोकांच्या समजुती आहेत. काहींना तो चमत्कार वाटतो, काहींना श्रीमंतांचे खूळ. त्याने आजार बरा होत नाही. आजार आत वाढतच राहतो. परंतु ज्या रुग्णाला गोळी घेतल्यावर तासभर बरे वाटते आणि मग तो लाकडासारखा ताठतो किंवा अनावर वळवळतो, त्याला दिवसाचे कितीतरी तास परत मिळतात. म्हणूनच निवड काटेकोर असते. सकाळी औषध न देता रुग्णाला तपासतात, मग औषध देऊन पुन्हा तपासतात. औषधाने ज्याला मुळीच फरक पडत नाही, त्याला यंत्रानेही सहसा पडत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांना परत पाठवावे लागते. येथेही उशिराचा प्रश्न येतोच: मन शाबूत असताना आलेला रुग्ण लाभ घेतो, अंथरुणाला खिळल्यावर आणलेल्याला देण्यासारखे फार थोडे उरते. खर्च लाखांच्या घरात जातो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, हे कुटुंबाने आधीच हिशेबात धरावे.

आपल्या घरातील वर्षे

आता उंबऱ्याच्या आत येऊ. ज्या घरात कांदा वर्ज्य, त्या घरातही फीट आली की शेजारून कांदा मागवून हुंगवतात; चप्पलही पुढे होते. फीट दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबणार असते आणि श्रेय कांद्याला जाते. खरे काम एवढेच: रुग्णाला कुशीवर वळवावे, भोवतालच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये, आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून अधिक चालली तर तडक रुग्णालय.

दशलक्षण पर्वात निर्जल उपवास करणारे, चातुर्मासात सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणारे श्रावक-श्राविका आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या श्रद्धेपुढे नतमस्तक होऊनच हे लिहितो. फीटच्या गोळ्या एक-दोन दिवस चुकल्या तरी वर्षानुवर्षे थांबलेली फीट परत येऊ शकते. रात्रभर जागरण हेही तिला निमंत्रण. कंपवाताच्या रुग्णाने लेव्होडोपा अचानक बंद केले तर अंग ताठून, ताप चढून जीवावर बेतू शकते. व्रत घेण्याच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे. काही औषधे दिवसातून एकदाच घेता येतात, काहींच्या वेळा बदलता येतात, आणि काही आजारांत उपवास टाळणेच योग्य असते. व्रत देणाऱ्या महाराजांनाही आपला आजार सांगावा. तो लपवून घेतलेले व्रत त्यांनाही मान्य होणार नाही. कंपवाताच्या काही रुग्णांत डाळ-दुधासारख्या प्रथिनयुक्त जेवणाबरोबर गोळी घेतल्यास तिचा परिणाम घटतो. ती जेवणाआधी घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.

लग्नाचा विषय सर्वांत अवघड. हिंदू विवाह कायदा आपल्या जैन समाजालाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार फीट येणाऱ्या व्यक्तीच्या विवाहावर त्यात आडकाठी घातली गेली. मुंबईचे डॉ. एडी भरुचा यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने पाठपुरावा केला आणि १९९९ मध्ये 'अपस्मार' हा शब्द कायद्यातून काढण्यात आला. कायद्याने पंचवीस वर्षांपूर्वी जे मान्य केले ते आमच्या परिचय मेळाव्यांना अजून मान्य नाही. मुलीची फीट लपवली जाते. सासरी गोळ्या लपून घ्याव्या लागतात, मग त्या चुकतात, आणि एके दिवशी चुलीपाशी फीट येते. भाजल्याच्या कक्षात दाखल होणाऱ्या काही तरुणींची कहाणी अशी असते. शिवाय फसवणुकीचा आरोप होऊन प्रकरण न्यायालयात जाते ते वेगळेच. योग्य उपचार घेणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया सुखरूप माता होतात. परंतु काही औषधे गर्भाला बाधक असल्याने ती दिवस राहण्यापूर्वीच बदलावी लागतात, आणि जे सासरी सांगितलेच नाही त्याचा सल्ला घेणार कसा? पुण्याची 'संवेदना' ही संस्था अपस्मारग्रस्तांच्या विवाहासाठीही काम करते आणि तेथेच कंपवाताच्या रुग्णांचे 'पार्किन्सन्स मित्रमंडळ' आहे.

आपल्याकडील चार दानांत औषधदानाचे स्थान मोठे आहे. फीटच्या जुन्या गोळ्या फार महाग नसतात, पण त्या रोज आणि वर्षानुवर्षे लागतात. एखाद्या गावच्या मंडळाने दोन-तीन गरीब रुग्णांच्या गोळ्यांचा भार उचलला आणि दर महिन्याला त्या संपण्याआधी पोहोचवल्या, तर ते काम शिबिरातील एका दिवसाच्या तपासणीपेक्षा अधिक उपयोगी ठरेल.

ज्यांच्या घरी दोन औषधांनंतरही फीट सुरू आहे, त्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना चार गोष्टी बरोबर न्याव्यात: आजवर घेतलेल्या सर्व औषधांची नावे आणि मात्रा, फीट आलेल्या तारखांची वही, जुने स्कॅन, आणि घरच्या कोणीतरी मोबाइलवर घेतलेले फीटचे चित्रण. चित्रण घेताना चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असे पाहावे, आणि फीट संपल्यावर रुग्ण पहिला शब्द बोलेपर्यंत ते चालू ठेवावे.